मधल्या नऊ मात्रा

अहो,

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, एवढं मला कळतं. बी.एस्सी. झालेय मी, तीस वर्षं पोरांना गणित शिकवलंय. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं मला शोभत नाही. तरी लिहितेय. काल दुपारी तुमची वही उघडली आणि तेव्हापासून मला तुमच्याशी भांडायचं आहे. दुसऱ्या कुणाशी भांडून भागणार नाही. माणूस गेलं म्हणून भांडण मिटतं, असं कुणी सांगितलं?

वही मी आपणहून उघडली नाही. येत्या गुरुवारी तुमचं वर्षश्राद्ध आणि शनिवारी संध्याकाळी तुमच्या नावाने देवळात भजन. परवा सदूबुवा ओट्यावर येऊन बसले. चहा प्यायले, दोनदा घसा साफ केला. एवढं मोठं भजनी मंडळ चालवणारा माणूस, पण माझ्यासमोर आला की शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा बसतो.

"वहिनी, मंडळाच्या मनात आसा, भाऊंचो तो सत्तावीस मात्रांचो प्रकार वाजवचो. त्यावेळी अर्धोच रवलो. वही गावतली काय?"

अर्धोच रवलो! किती सभ्यपणे बोलतात बुवा! तो राहिला नव्हता, मोडला होता. कुणी मोडला, तेच लिहायला बसलेय.

पण आधी मूळ चूक. ती माझी.

आठवतं? विहिरीवर उभे होतात. चिऱ्यांच्या फटीत उगवलेल्या नेच्याचं पान तोडून आत आलात आणि म्हणालात, "मालती, ह्या पानाचो एक तुकडो काढलो तर तोय अख्ख्या पानासारखोच दिसता. त्या तुकड्याचो तुकडोय तसोच. कित्या गो?"

मी भाजी चिरत होते. म्हणून टाकलं, "त्याला फ्रॅक्टल म्हणतात. लहान भाग मोठा करून बघा, पुन्हा अख्खंच दिसतं."

दुसऱ्या कुणाचा नवरा असता तर 'असां काय' म्हणून आंघोळीला गेला असता. तुम्ही तिथेच पाटावर बसलात आणि मांडीवर बोटं आपटायला लागलात. दिवसा कट्टा गावच्या बाजारात शिवणकाम आणि संध्याकाळी पखवाज, एवढ्यावर समाधानी असलेला माणूस मी माझ्या हाताने बिघडवला.

आठवडाभराने तुम्ही मला तो प्रकार ऐकवलात. धा, धि, ना, अशी तीन अक्षरं सावकाश. मग प्रत्येक अक्षराच्या जागी तीच तीन अक्षरं, तेवढ्याच वेळात. नऊ झाली. मग त्या प्रत्येकाच्या जागी पुन्हा तीच. सत्तावीस. पानात पान, त्या पानात पान! खरं सांगू? ऐकताना माझ्या हातातलं वाटण तसंच राहिलं होतं. पण ते मी बोलले नाही. मी म्हणाले, "शेवटच्या ओळीत एक 'ना' कमी पडला." पडला होताच की! पण तेवढंच सांगायचं असतं का?

एक्क्याऐंशीच्या नादात तुमची मनगटं सुजली. मी तेल चोळत होते आणि वैतागले होते. म्हटलं, "वाढवता कशाला? कमी करा." केरसुणीतला एक हीर उपसला, त्याचे तीन सारखे तुकडे केले आणि मधला फेकून दिला. राहिलेल्या दोघांचे पुन्हा तीन-तीन, पुन्हा मधला फेकला. कॉलेजात सरांनी फळ्यावर रेघ काढून हेच दाखवलं होतं. मधलं पुसत जायचं. जे उरतं ते लहान-लहान होत जातं, पण रचना तीच राहते.

तुम्ही जमिनीवरच्या तुकड्यांकडे बघत बसलात. तुकड्यांकडे नाही, मधल्या जागेकडे. म्हणालात, "मालती, ह्यां मधला जां नाय, तांय वाजता गो."

मी म्हणाले, "आधी हा केर भरा."

असं मी तुमच्याशी बोलत आले, अहो.

त्यानंतर घराची काय दशा केलीत! चपात्यांच्या कणकेतला गोळा रोज पखवाजाच्या डाव्या अंगाला जायला लागला. पोस्टातल्या बाईंच्या ब्लाऊजच्या अस्तरावर खडूने धा, रेघ, धा, रेघ लिहून गेलात. त्या बिचाऱ्या मला विचारायला आल्या, हे कसलं माप! आणि तुमची ती मापाची टेप. तिच्यावरच्या पहिल्या सत्तावीस इंचांच्या तुम्ही मात्रा केल्यात. जिथे थाप, तिथे लाल शाईचा ठिपका. जिथे काही नाही, तिथे कोरं. गिऱ्हाईकाची छाती मोजता मोजता मध्येच थांबून टेपेकडे बघत राहायचात. चौतीस की छत्तीस, ते कोण सांगणार?

पण रचना स्वच्छ होती. मी तपासली होती, चूक नव्हती. पहिल्या आवर्तनात सत्तावीसच्या सत्तावीस थापा. दुसऱ्यात पहिल्या नऊ आणि शेवटच्या नऊ, मधल्या नऊ मात्रा हात वर. तिसऱ्यात उरलेल्या प्रत्येक नऊच्या मधल्या तीन गळणार. चौथ्यात उरणार फक्त आठ थापा. मधल्या नऊ मात्रांची शांतता मात्र दुसऱ्या आवर्तनापासून शेवटपर्यंत तशीच.

देवळातल्या सप्ताहात ते वाजवायचं ठरलं. आदल्या दिवशी तुम्ही म्हणालात, "तू फुडे बस. मधल्या नऊ मात्रा मी तुज्याकडे बगान मोजतलंय."

आणि मी म्हणाले, "मी काय टाळ धरायला येऊ पुरुषांत? तुमचं तुम्ही मोजा." जाऊन बसले खांबामागे, बायकांत.

सहा वर्षं झाली. तरी त्या संध्याकाळची प्रत्येक मात्रा मला पाठ आहे.

आपल्याकडे पखवाज थांबला की भजन संपलं. कुणीतरी 'बोला पुंडलिक वरदे' म्हणून आरोळी ठोकतो, सगळे 'हारि विठ्ठल' म्हणतात, की आरतीची घंटा. शेंबड्या पोरालासुद्धा हे ठाऊक. पखवाज थांबला आहे आणि भजन चालू आहे, असं त्या देवळात कधी घडलं नव्हतं. तुम्ही लोकांना आधी सांगायला नको होतं? चार शब्द बोलला असतात तर जीभ झिजली असती? पण नाही. म्हणे, "सांगलंय तर गंमत खंयची?"

पहिलं आवर्तन सुरेख झालं. शेजारी तातू झांज धरून डोलत होता. तातू, तुमचा बिगरीपासूनचा सोबती, आपल्या दोन घरांत एक दगडी गडगा. त्याची झांज आणि तुमची थाप एका माणसाच्या दोन हातांसारखी पडायची. दुसऱ्या आवर्तनात नऊ थापा झाल्या आणि तुम्ही हात वर घेतलेत. तातूने झांज थांबवली. देऊळ गप्प.

एक. दोन. तीन. माझ्या शेजारची कुजबुजली, "गे बाय, मास्तरणीचो घोव विसारलो वाटता!" तिच्या पलीकडची फिसकन हसली. चार. कुणीतरी खोकलं. पाच. बुवांनी तातूकडे पाहिलं. तुमचे हात तसेच वर, डोळे मिटलेले.

त्या देवळात एकाच माणसाला माहीत होतं की तुम्ही विसरलेले नाही. मला. अजून चार मात्रा गेल्या की थाप पडणार, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. तरी सहाव्या मात्रेला मी खांबामागून ओरडले, "बोलाऽ पुंडलिक वरदेऽ!"

होय, मी.

का ओरडले? लाज वाटली म्हणून. तुमच्याकडे बघून लोक हसतायत, हे मला तीन मात्रा सोसलं नाही. फळ्यापाशी पोर अडखळलं की त्याचं उत्तर मीच पूर्ण करून टाकायचे. तीस वर्षांची सवय. आता वाटतं, त्यातली निम्मी पोरं अडखळली नसतील, मोजत असतील. मी कुणाला मोजू दिलं?

माझ्या मागोमाग, अर्ध्या शब्दाच्या अंतराने, तातूचा हात वर गेला आणि त्याचा तो बंदरापर्यंत पोचणारा आवाज लागला. मग अख्खं देऊळ. घंटा, आरती, प्रसाद. लोकांनी पाहिलं ते तातूला. गजराची घाई त्याला नेहमीचीच. बाईमाणसाने आरोळी ठोकली असेल, असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

तुम्ही पायऱ्यांवर पखवाजाला गवसणी घालत होतात. तातू हसत हसत आला, "काय रे भाऊ, इद्या संपली तुजी?"

तुम्ही वर न बघता म्हणालात, "तुज्या तोंडाक बूच घाल."

तुमचं त्याच्याशी तेवढं शेवटचं बोलणं. पुढे तुम्ही पाच वर्षं जगलात!

त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत. मी ताट वाढून समोर बसले होते. एक वाक्य होतं, अहो. 'ती मी होते.' एवढंच. तेव्हा निघालं नाही. मग दुसऱ्या दिवशी वाटलं, आज तुमचा राग जास्त आहे. आठवड्याने वाटलं, आता उकरून काय काढायचं. महिन्याने वाटलं, होतील दोघे आपोआप नीट. झालात का? मंडळात तुम्ही जाणं सोडलंत आणि तातूने झांज. त्याच्या अंगावरचा एकेक शर्ट तुम्ही शिवलेला. तो मालवणच्या बाजारातून तयार शर्ट आणायला लागला. कॉलर अशी ढगळ की आत दोन बोटं जातील. तो गडग्यापलीकडून गेला की तुमचे हात शिवशिवायचे, मी बघत होते. पण एकाने मान वळवली तर शपथ!

तुम्ही गेलात त्या दिवशी तातू अंगणात आला आणि तुळशीपाशी उभा राहिला. आत नाही आला. तुम्हाला न्यायला उचललं तेव्हा खांदा द्यायला पुढे झाला, पुन्हा मागे सरला. मी ते पाहिलं. तेव्हाही बोलले नाही.

आता वहीबद्दल.

काल ती तुमच्या शिवणयंत्राच्या खणात सापडली, बॉबिनच्या डब्याखाली. शेवटच्या पानांवर सत्तावीस मात्रांची रचना तुम्ही पुन्हा स्वच्छ अक्षरात मांडली आहे. सप्ताहाच्या नंतर, कारण आठ थापांचं शेवटचं आवर्तन आधीपेक्षा नीट बसवलंय. दुसऱ्या आवर्तनात, दहा ते अठरा मात्रांच्या कोऱ्या जागेसमोर, समासात बारीक अक्षरात दोन ओळी:

'हय मालतीन गप रवाचा. तातूक सांगूक व्हया.'

इथे मालतीने गप्प राहायचं! म्हणजे तुम्हाला माहीत होतं!

अर्थात माहीत असणार. शाळेतला माझा प्रार्थनेचा आवाज इतकी वर्षं तुमच्या दुकानापर्यंत ऐकू यायचा. डोळे मिटलेल्या माणसाला आवाज ओळखायला काय लागतं? म्हणजे ताटासमोर बसलात तेव्हाही माहीत होतं. तातूला बूच घालायला सांगितलंत तेव्हाही! मग त्याच्यावर का काढलात? मी समोर होते की! माझ्यावर ओरडायचं होतं. ताट भिरकावायचं होतं. मी काय मोडले असते?

आणि 'सांगूक व्हया' म्हणजे काय? मग सांगितलं का नाही? गडगा ओलांडायला किती वेळ लागतो? की तातूला सांगायचं म्हणजे बायकोचं नाव घ्यावं लागेल, म्हणून राहिलात? मला झाकायला तुम्ही सोबती घालवलात आणि स्वतःला झाकायला मी तो तुम्हाला घालवू दिला. शहाणी माणसं आपण! माझी पदवी आणि तुमची विद्या, दोन्ही एकत्र करून हे एवढं साधलं.

काल संध्याकाळी मी जेवले नाही. आज सकाळी उठले, वही घेतली आणि गडग्याच्या खिंडीतून पलीकडे गेले.

तातू अडकित्त्याने सुपारी कातरत बसला होता. मला बघून त्यानेच आधी सुरुवात केली. "वहिनी, शनवारी घाबरू नकात हां. मी अख्खी सुपारी तोंडात धरून बसतलंय. माज्या तोंडातसून शब्द भायर पडाचो नाय."

अहो, त्याला खरंच वाटत होतं की तोच चुकला. सहा वर्षं!

मी उभ्या उभ्या सांगितलं. "तातूभावजी, तो पहिला आवाज माझा होता."

त्याने अडकित्ता खाली ठेवला. "तुमचो?"

"माझा."

आधी तो हसला. हसता हसता खोकला. मग असा तापला की मी दोन पावलं मागे सरले. "पाच वर्सा, वहिनी! पाच वर्सा तो माज्याशी बोलूक नाय! मी देवाक विचारी, माजा येवढा काय चुकला? आणि तुमी हय, गडग्याच्या पलीकडे, रोज धुणा वाळत घाली हुतात! माका कित्या सांगूक नाय?"

उत्तर नसताना गप्प उभं राहणं कसं असतं, ते मला या वयात कळलं.

मग त्याने अडकित्ता पुन्हा उचलला. म्हणाला, "पण खरा सांगतंय. तुमी नाय आरडला असतात, तर सातव्या मात्रेक मी आरडलंयच असतंय. माज्या तोंडात तां इललाच हुता."

बघा! गुन्हासुद्धा हा माणूस पूर्ण सोडायला तयार नाही.

मी वही पुढे केली. चष्मा सापडेना म्हणून डोळ्यांपाशी धरून, बोट फिरवत त्याने वाचलं. 'तातूक सांगूक व्हया.' तीन वेळा वाचलं. मग म्हणाला, "अक्षर बगा मेल्याचा. टीप मारल्यासारख्या बारीक." आणि वही माझ्या हातात देऊन मागच्या दारी गेला. रांजणातलं पाणी तोंडावर मारल्याचा आवाज बराच वेळ येत होता. परत आला तो सुनेवर ओरडतच, "माजी झांज खंय ठेवलास गो?"

दुपारी आपल्या ओटीवर तालीम झाली. पखवाजाला प्रकाश, तुमचा शिष्य. रिक्षा लावून आला. चाळिशी उलटली तरी मला बघून अजून दचकतो. हात छान आहे त्याचा, तुमचाच. पण मधल्या नऊ मात्रांत धीर सुटतो. "बाई, सातव्याक माजे हात आपसूक खाली येतत."

"शाळेतही तू साताच्या पाढ्यालाच अडकायचास," मी म्हणाले. "माझ्याकडे बघ. मी मोजते."

समोर बसले. पुढे, पुरुषांत. तुमची टेप मांडीवर घेतली. दर मात्रेला एक इंच बोटांतून सरकवायचा, त्याने टेपेवर नजर ठेवायची. पहिलं आवर्तन झालं. दुसऱ्यातल्या नऊ थापा झाल्या. प्रकाशने हात वर घेतले, तातूने झांज. बुवा श्वास धरून. कोरे इंच माझ्या बोटांतून सरकायला लागले. चार, पाच, सहा...

आणि तोंड कुणाचं उघडलं असेल? "प्रकाश, अजून तीन!"

प्रकाशचे हात धपकन खाली आले. तातूने खिशात हात घातला, शनिवारसाठी जपून ठेवलेली अख्खी सुपारी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"वहिनी, ही तुमका व्हयी."

बुवा आधी हसले, मग प्रकाश. मग मीही हसले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा, आणि तेही स्वतःवर. त्याबद्दलही तुमच्यावर राग आहेच.

त्यानंतर तीनदा केलं. तीनदाही मी सहाव्या मात्रेला ओठ दाताखाली धरले. एकदा जमलं, दोनदा 'हं' निघून गेलं. बुवा म्हणाले, शनिवारी होईल. मला तेवढी खात्री नाही. मी पोरांना कधी खोटे गुण दिले नाहीत, स्वतःलाही देणार नाही.

पण एक वचन देते. शनिवारी मी खांबामागे बसणार नाही. तातूच्या शेजारी, तुमच्या पखवाजासमोर बसेन. लोकांना आधी काही सांगणार नाही, तुमची गंमत तुम्हाला राहू दे. हसायचं त्यांनी हसावं, 'विसारलो' म्हणायचं त्यांनी म्हणावं. सुपारी दाढेत, टेप हातात, आणि दहाव्या इंचापासून अठराव्यापर्यंत माझ्या तोंडून शब्द निघणार नाही. एकोणिसाव्या इंचावर तुमचा लाल ठिपका आहे. तिथपर्यंत मी तुम्हाला मोजू देईन.

बाकी भांडण चालूच राहील. मधल्या नऊ मात्रा तेवढ्या तुमच्या.

तुमची,
मालती